जहाजाचे काम आणि धक्क्याचे काम

गोमंतकात आणि रत्नागिरीच्या किनारपट्टीवर ‘अमक्यांचा मुलगा बोटीवर आहे’ एवढे म्हटले की त्या घराची सारी हकीकत ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते. दीर्घकाळ बाहेर राहणारा कर्ता पुरुष, मनिऑर्डरवर बांधलेले घर, गणपतीला किंवा नाताळला घडलेच तर घडणारे दर्शन. गोव्यात त्याला तारवटी म्हणतात, कोकणात खलाशी. मुंबईच्या धोबीतलावावर गावागावांच्या नावाने चालणाऱ्या गोवेकरांच्या ‘कूडां’मध्ये त्याच्या पेट्या पडून असत आणि पुढची बोट मिळेपर्यंत त्याचा मुक्काम तेथेच असे. आपल्या मुलखाला हा माणूस इतका परिचयाचा आहे की तो कोणाला परका वाटत असेल ही कल्पनाही सहसा शिवत नाही. परंतु जगातील मोठ्या बंदरांच्या कामगार-इतिहासात तो याच रूपाने वावरतो. तेथे तो परक्या जहाजावरचा परका खलाशी आहे, आणि धक्क्यावर उभा असलेला गोदी कामगार त्याच्याकडे काहीशा संशयाने पाहत आहे.

या संशयाचे मूळ एका साध्या प्रश्नात आहे. जहाज धक्क्याला लागले. आता मालाला हात कोणी लावायचा?

शिडाच्या जहाजांच्या काळात पुष्कळदा जहाजावरचेच लोक तळातील माल वर काढीत. आगबोटी आल्या, त्यांचे आकार वाढले, बंदरात घालविलेला प्रत्येक दिवस मालकाला महाग पडू लागला, तेव्हा माल उतरविणे हा किनाऱ्यावरच्या टोळ्यांचा स्वतंत्र धंदा झाला. हे काम कष्टाचे व धोक्याचे होते. शिवाय ते अत्यंत अनियमित होते. आज तीन बोटी आल्या तर साऱ्यांना काम, उद्या एकही आली नाही तर साऱ्यांना उपास. खलाशाचे तसे नसते. त्याला महिन्याचा पगार ठरलेला असतो. जहाज चालत असो वा उभे असो. म्हणून बंदरात खलाशाकडून जेवढा माल हलवून घ्यावा तेवढा मालकाला जवळजवळ फुकटात पडतो. या वादाचे अर्थशास्त्र बव्हंशी एवढेच आहे. खलाशाला ते काम नको असले तरी नाही म्हणण्याची सोय नाही, आणि गोदी कामगाराची त्या दिवसाची चूल तेवढ्याने पेटत नाही.

गोदी कामगाराची स्थिती जगभर एकाच साच्यातील होती. मुंबईच्या गोदीत टोळीवाल्याची आणि मुकादमाची मर्जी सांभाळल्याशिवाय काम मिळत नसे. मिळालेल्या मजुरीतून त्याचा हिस्सा सुटत असे. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला आणि त्यानुसार १९५१ साली मुंबईची योजना आली. कामगारांची नोंदवही झाली. ज्याचे नाव वहीत, त्याला पाळीने काम, आणि काम नसलेल्या दिवशीही हजेरीबद्दल काही रक्कम. यामागे पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी बांधलेली संघटना होती. मुंबईच्या गोद्यांना लगटून जाणाऱ्या जुन्या फ्रिअर रोडला पुढे त्यांचेच नाव दिले गेले. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते हा भाग वेगळा. नोंदवही हीच पुढे जगातील गोदी कामगारांची मुख्य ढाल ठरली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७३ साली संमत केलेल्या १३७ क्रमांकाच्या करारात नोंदणीकृत गोदी कामगारांना गोदीच्या कामात अग्रक्रम असावा हे तत्त्व लिहून ठेवले गेले.

अग्रक्रम द्यायचा म्हणजे कोणाला तरी बाजूला ठेवायचे, आणि येथे इतिहासाला एक अप्रिय वळण आहे. काम राखायचे या नावाखाली अनेकदा माणूसच हाकलला गेला.

ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर हिंदी खलाशांची संख्या पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पन्नास हजारांच्या आसपास होती. इंग्रज त्यांना ‘लॅस्कर’ म्हणत. मूळ शब्द आपला ‘लष्कर’च. मुंबईहून भरती होणाऱ्या डेकवरच्या लोकांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ असत. सलून, भटारखाना व उतारूंची सेवा ही बहुधा गोवेकरांकडे. सारंग, टिंडल, कसाब, भंडारी ही हुद्द्यांची नावे त्या बोटींवर इंग्रज अधिकाऱ्यांच्याही तोंडी बसली होती. या लोकांचे करारनामे निराळे, पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या मानाने फारच थोडा आणि झोपायची जागाही कमी. स्वस्त मजूर म्हणून कंपनीने त्यांना घेतले आणि स्वस्त मजूर म्हणूनच गोऱ्या कामगारांनी त्यांचा राग केला. पगार ठरविणारा मात्र कंपनीच्या कचेरीत बसलेला होता.

ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रकुल १९०१ साली अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी झालेल्या टपाल व तार कायद्यात सरकारी टपाल नेणाऱ्या बोटींवर फक्त गोरे कामगार असावेत अशी अट घातली गेली. पी. अँड ओ. कंपनीने आपले हिंदी खलाशी सोडले नाहीत. त्यामागे माणुसकीपेक्षा हिशोब अधिक होता, हे सांगावयास नको. अमेरिकेत १९१५ साली खलाशांचा प्रसिद्ध कायदा झाला. खलाशांच्या दृष्टीने तो मोठा उपकारक. नोकरी सोडणाऱ्या खलाशाला पकडून परत बोटीवर घालण्याची जुनी रीत त्याने मोडली. पण त्यातच एक कलम असे होते की प्रत्येक विभागातील शेकडा ७५ लोकांना अधिकाऱ्यांची भाषा समजली पाहिजे. सुरक्षिततेचे कारण पुढे केले होते, रोख चिनी खलाशांवर होता. ब्रिटनमध्ये १९२५ साली परक्या कृष्णवर्णीय खलाशांनी पोलिसांत नोंद करावी असा हुकूम निघाला. तिन्ही ठिकाणी स्थानिक कामगारांच्या संघटनांचा या ना त्या प्रमाणात पाठिंबा होता. रेषा कामाभोवती ओढायची होती, ती कातडीच्या रंगाभोवती ओढली गेली.

त्याच ऑस्ट्रेलियात १९४५ साली याच्या अगदी उलट प्रसंग घडला. दुसरे महायुद्ध संपताच इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले. डच सरकारला तेथे शस्त्रे व फौज न्यायची होती आणि त्यांची जहाजे ब्रिस्बेन, सिडनी, मेलबर्न येथे उभी होती. त्यांवरील इंडोनेशियन खलाशी सप्टेंबरमध्ये बोटी सोडून उतरले आणि ऑस्ट्रेलियन गोदी कामगारांनी त्या जहाजांना हात लावण्याचे नाकारले. डचांनी रिकाम्या जागी हिंदी खलाशी घालून पाहिले. प्रकरण काय आहे हे कळल्यावर त्यांपैकीही बऱ्याच जणांनी काम सोडले. त्यांची संघटना ऑस्ट्रेलियातच उभी राहिली. योरिस इवेन्स या डच चित्रपटकाराने यावर १९४६ साली ‘इंडोनेशिया कॉलिंग’ हा लघुपट काढला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ज्यांना टपालाच्या बोटीवरून उतरविण्यासाठी कायदा केला, त्या लोकांबरोबर धक्क्यावरचे कामगार मिरवणुकीत चालले. आपल्याकडील स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांत या खलाशांना क्वचितच एखादी ओळ मिळाली आहे.

या विषयाचा सर्वांत स्पष्ट कायदा मात्र अमेरिकेत झाला, आणि तो समजण्यासाठी काही वर्षे मागे, सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर जावे लागते. तेथेही पहाटे कामगारांनी घोळक्याने उभे राहावे, मुकादमाने बोटाने दाखवून हवे ते उचलावेत, ही पद्धत होती. मुकादमाला खूष ठेवण्याचे मार्गही मुंबईच्या टोळीवाल्याला अपरिचित नसते. ९ मे १९३४ रोजी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत संप सुरू झाला. ५ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे पडली, तो दिवस तेथील कामगार आजही ‘रक्तरंजित गुरुवार’ म्हणून पाळतात. त्यानंतर साऱ्या शहराने संप केला. ऑक्टोबरमध्ये लवादाचा निवाडा आला. त्यात काम वाटपासाठी मालक व संघटना यांची संयुक्त कचेरी आणि त्यात नावे पुकारणारा माणूस संघटनेचा, हे मान्य झाले. पाळीने काम मिळू लागले. मुकादमाच्या बोटाची सत्ता संपली.

या संपाचा पुढारी हॅरी ब्रिजेस. तो ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचा. १९२० साली खलाशी म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि पुढे धक्क्यावर काम करू लागला. म्हणजे ज्या संघटनेने पुढे परक्या खलाशांपासून धक्क्याचे काम राखण्याची मागणी केली, तिचा संस्थापक स्वतः एक परका खलाशी होता. एवढेच नव्हे, परका आहे या कारणावरून त्याला देशाबाहेर घालविण्यासाठी अमेरिकी सरकारने वर्षानुवर्षे खटले चालविले. १९४० साली तर प्रतिनिधी सभागृहाने केवळ त्याच्या हद्दपारीसाठी विधेयक संमत केले. १९४५ साली सर्वोच्च न्यायालयाने हद्दपारीचा हुकूम रद्द केला व त्याच वर्षी तो नागरिक झाला. तरी खटल्यांची मालिका १९५५ पर्यंत चालू राहिली. कामगाराला ‘परका’ ठरविणे हे मालकाच्या हातातील जुने हत्यार आहे, हे त्याच्याइतके कोणी अनुभवले नसेल.

दरम्यान धक्का बदलला. २६ एप्रिल १९५६ रोजी न्यूआर्कहून ह्यूस्टनला निघालेल्या ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ मोठ्या पेट्या होत्या. कंटेनरच्या युगाचा आरंभ सामान्यतः येथून धरतात. शेकडो माणसांनी अनेक दिवस करावयाचे काम एक क्रेन आणि मोजकी माणसे काही तासांत करू लागली. ब्रिजेसच्या संघटनेने यंत्राला विरोध करीत बसण्याऐवजी १९६० साली मालकांशी करार केला: यंत्रे आणा, पण जे आज नोंदीत आहेत त्यांच्या रोजगाराची व निवृत्तीची हमी द्या. त्या कराराची स्तुती आणि निंदा दोन्ही झाली. नवीन पिढीसाठी धक्क्यावर जागा उरल्या थोड्या, ही गोष्ट खरी. माणसे कमी झाली तसा उरलेल्या कामाचा प्रत्येक तास मोलाचा झाला, आणि जहाजावरची क्रेन, कन्व्हेयरचा पट्टा, दोरखंड यांना हात कोणाचा लागतो हा पूर्वी किरकोळ वाटणारा प्रश्न ऐरणीवर आला.

अमेरिकेच्या १९५२ च्या परदेशी नागरिक कायद्यात जहाजाच्या नेहमीच्या कामासाठी आवश्यक असलेल्या खलाशाला तात्पुरता प्रवेश होता. माल चढविणे-उतरविणे हेही ‘नेहमीच्या कामात’ येते असा अर्थ सरकारी खाते दीर्घकाळ लावीत आले होते. २९ नोव्हेंबर १९९० रोजी झालेल्या कायद्याने हा अर्थ मोडला. परक्या खलाशाने अमेरिकी बंदरात व किनारी पाण्यात माल हलविण्याचे काम करू नये असा सामान्य नियम झाला. व्याख्या बारकाईने केली होती: माल चढविणे-उतरविणे, मालाशी संबंधित यंत्रे चालविणे, मग ती जहाजाचाच भाग का असेनात, आणि जहाज बांधताना-सोडताना धक्क्यावरचे दोर हाताळणे. दोराचे एक टोक जहाजावर, दुसरे धक्क्यावर; पहिले खलाशाचे, दुसरे गोदी कामगाराचे! वेगळे करता न येणारे काम कायद्याने मधोमध कापले ते असे. नियम मोडल्यास प्रत्येक खलाशामागे ५,००० डॉलरपर्यंत दंड होता, आणि विशिष्ट प्रकारच्या उल्लंघनास बंदरबंदीही होती. हॅरी ब्रिजेस हा कायदा पाहावयास राहिला नाही. त्याच वर्षी ३० मार्चला तो वारला होता.

कायद्याच्या खऱ्या स्वभावाची ओळख त्याच्या अपवादांत होते. तेल व तत्सम धोकादायक मालाच्या जहाजांवर पंप व झडपा चालविणे हे शिक्षित खलाशाचेच काम; ते वगळले गेले. ज्या बंदरात खलाशांनी विशिष्ट काम करण्याची प्रथाच आहे तेथे मालकाने तसे लेखी निवेदन करून, स्थानिक कामगारांना नोटीस देऊन ते चालू ठेवावे. परंतु संप किंवा टाळेबंदी चालू असताना खलाशांना त्या कामावर घालता येणार नाही, अशी हमी त्या निवेदनात द्यावी लागे. ही एक अट साऱ्या कायद्यात सर्वांत मोलाची म्हणावी लागेल, कारण संपफोड्या म्हणून वापरला जाणे ही खलाशाच्याही दृष्टीने मोठी नामुष्की आहे आणि भर बंदरात, परक्या देशात, कप्तानाच्या हुकमाखाली त्याला ती एकट्याने टाळता येत नाही.

तिसरा अपवाद परतफेडीचा. ज्या देशात अमेरिकी खलाशांना असे काम करू देतात, त्या देशात नोंदलेल्या आणि मुख्यतः अशाच देशांच्या नागरिकांच्या मालकीच्या जहाजावरील खलाशांना अमेरिकेतही मुभा. दिसावयास हे न्याय्य आहे. परंतु परदेशी बंदरांत जाणारी अमेरिकी निशाणाची जहाजे मुळात थोडी, आणि जगातील व्यापारी जहाजांपैकी मोठा भाग पनामा, लायबेरिया अशा देशांत केवळ कागदोपत्री नोंदलेला. जहाज पनामाचे, मालक ग्रीक, खलाशी फिलिपिनो किंवा भारतीय. परतफेड कोणी कोणाची करायची? सोयीच्या निशाणाची ही पद्धत स्वस्त मजुरीसाठीच वाढली होती आणि तिच्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ १९४८ पासून मोहीम चालवीत आला होता. चौथा अपवाद १९९३ च्या अखेरीस अलास्कासाठी झाला. तेथे एकाकी खाड्यांत लाकूड व मासळी जहाजावर चढते आणि आसपास गोदी कामगार असतीलच असे नाही. तरी मालकाने आधी स्थानिक कामगारांची मागणी नोंदवायची, जे पात्र कामगार मिळतील ते सारे घ्यायचे, आणि मगच खलाशांना लावायचे असा क्रम ठरला. रेषा कशी ओढावी याचा हा त्यातल्या त्यात समंजस नमुना आहे.

अमेरिकेत अशी तजवीज होत असताना युरोपात वारा उलट दिशेने वाहू लागला होता. युरोपीय आयोगाने फेब्रुवारी २००१ मध्ये बंदरांतील सेवा स्पर्धेला खुल्या करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात जहाज कंपनीने आपल्याच माणसांकडून, म्हणजे प्रसंगी खलाशांकडूनही, माल हाताळून घेण्याची मुभा होती. रॉटरडॅम, अँटवर्पपासून बार्सिलोनापर्यंत गोदी कामगारांचे संप झाले. २० नोव्हेंबर २००३ रोजी युरोपीय संसदेत प्रस्ताव २२९ विरुद्ध २०९ मतांनी पडला. आयोगाने पुढच्या वर्षी तो थोड्या फरकाने पुन्हा आणला. जानेवारी २००६ मध्ये हजारो गोदी कामगार स्ट्रासबर्गला जमले. संसद भवनाच्या काचा फुटल्या, पोलिसांनी पाण्याचे फवारे सोडले. काचा फोडल्याने कामगारांच्या बाजूची प्रतिष्ठा वाढली असे म्हणता येणार नाही. तरी १८ जानेवारीच्या मतदानात प्रस्ताव ५३२ विरुद्ध १२० इतक्या मोठ्या फरकाने फेटाळला गेला. पुढे २०१७ साली बंदर सेवांचा नियम संमत झाला तेव्हा माल हाताळणीला बाजारप्रवेशाच्या तरतुदींतून बाहेरच ठेवण्यात आले.

या लढ्यात एक युक्तिवाद पुढे आला, जो १९०१ किंवा १९१५ च्या भाषेत सापडत नाही. कंटेनरच्या जहाजावर पेट्या एकमेकींना लोखंडी सळ्या, आवळण्याचे पेच व कोपऱ्यावरच्या कुलपांनी जखडलेल्या असतात. त्या सोडणे व पुन्हा आवळणे याला लॅशिंग म्हणतात. सळई जड आणि लांब, उभे राहण्यास जागा चिंचोळी, खाली पाणी किंवा लोखंडी तळ. एका बंदरातून दुसऱ्यात रोज फेऱ्या घालणाऱ्या लहान कंटेनर जहाजांवर माणसे मोजकीच असतात; त्यांनी रात्रभर पहारा द्यायचा, पहाटे जहाज बांधायचे आणि मग दिवसभर सळ्या सोडायच्या. वेळ वाचावा म्हणून कित्येकदा बंदरात शिरण्यापूर्वीच, जहाज हलत असताना सळ्या सैल करण्यास सांगितले जाते. विश्रांतीचे तास नोंदवहीत पुरे भरलेले दिसतात, प्रत्यक्षात ते मिळालेले नसतात. म्हणजे गोदी कामगाराचा रोजगार आणि खलाशाची झोप हे एकाच कामाचे दोन बळी होते. खलाशांच्या संघटनांनी हे उघडपणे मांडण्यास सुरुवात केली तेव्हा शंभर वर्षांच्या या भांडणाचे स्वरूपच पालटले.

खलाशांचे पगार व अटी ठरविण्यासाठी कामगार महासंघ आणि जहाजमालकांचा संयुक्त गट यांच्यात जी आंतरराष्ट्रीय वाटाघाट चालते, तिच्यात २०१८ साली जुने ‘गोदी कामगार कलम’ कडक करण्यात आले. खलाशाच्याच करारनाम्यात हे कलम आहे, ही त्यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट. परंपरेने गोदी कामगारांचे असलेले माल हाताळणीचे काम बंदरातील त्यांच्या संघटनेच्या आगाऊ संमतीखेरीज जहाजावरील कोणाकडूनही करून घेऊ नये; गोदी कामगार उपलब्धच नसतील तर खलाशाने स्वखुशीने करावे, आणि त्याचा योग्य मोबदला त्याला निराळा मिळावा. कॅनडा, बाल्टिक आणि भूमध्य सागर वगळून पश्चिम व उत्तर युरोप येथील बंदरांत १ जानेवारी २०२० पासून ते लागू झाले. लागू झाले म्हणजे पाळले गेले असे नव्हे. कंपन्यांनी निरनिराळ्या सबबी सांगितल्या आणि वाद न्यायालयापर्यंत गेले.

या कलमात कोणत्याही देशाचे नाव नाही, कोणाच्या भाषेची परीक्षा नाही. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यातला ‘परका’ हा शब्दही त्यात नाही. ज्या जहाजांवर हे करारनामे चालतात त्यांवर भारतीय खलाशीही आहेत. उत्तर युरोपातल्या एखाद्या बंदरात मध्यरात्री बोट लागली आणि गोव्याच्या किंवा रत्नागिरीच्या पोराला वरून लॅशिंगचा हुकूम आला, तर बोट दाखविण्यासाठी त्याच्याजवळ स्वतःच्याच करारातले एक कलम आहे. तो ते दाखवील की निमूटपणे सळई उचलील, हे पुढच्या करारावर त्याचे नाव कोण लिहिणार यावर अवलंबून राहते.